पेडगाव ते वढू : कवी कलशांच्या समाधीपाशी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवता, त्यांनी या भागातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना कविता पाठ करायला लावल्या. म्हणून आज मी एका कवीबद्दल बोलणार आहे. त्याची समाधी आपल्याच शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला आहे. दर वर्षी हजारो माणसे तिथे येतात, डोके टेकवतात, फुले वाहतात. पण ती समाधी एका कवीची आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात किती वेळ राहते? कवी कलश हे नाव आपण घेतो ते संभाजी महाराजांबरोबर मरण पत्करलेला सोबती म्हणून. त्यांचे मरण आपल्याला तपशीलवार माहीत आहे आणि त्यांची कविता जवळजवळ माहीत नाही. ही उणीव आपण या परिसरातल्या लोकांनीच भरून काढायची आहे, हे मला आज सांगायचे आहे.

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की कोरेगाव भीमा लागते. तिथून आत वळले की थोड्याच अंतरावर, भीमेच्या काठाने, वढू बुद्रुक येते. संभाजी महाराजांची समाधी आणि तिच्या सान्निध्यात कवी कलशांची समाधी, असे हे स्थान आहे. एका परंपरेनुसार महाराजांचे अंत्यसंस्कार करणारे गोविंद गोपाळ यांचीही समाधी याच गावात आहे. औरंगजेबाने महाराजांची आणि कलशांची हत्या केल्यानंतर अंत्यसंस्कार कुणी केले, याबद्दल वढूत वेगवेगळ्या परंपरा सांगितल्या जातात. त्यांतला वाद या व्यासपीठावर मी उकरून काढणार नाही. बादशहाची छावणी डोक्यावर असताना गावातल्या साध्या माणसांनी जिवावर उदार होऊन मृतांना अग्नी दिला, एवढे प्रत्येक परंपरा सांगते. ते धैर्य साऱ्या गावाचे होते, आणि त्यापुढे सर्वांनीच नम्र व्हावे.

जवळच भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर आहे. तालुका हवेली, पण वढूला येणारा माणूस तुळापूरला गेल्याशिवाय परतत नाही. संगमेश्वराचे देऊळ, पायऱ्या, उतरते घाट आणि पलीकडे हिरवी शेते. इथेही महाराजांचे आणि कलशांचे स्मारक आहे. 11 मार्च 1689 या दिवशी त्या दोघांची हत्या झाली. तिथीने तो फाल्गुन अमावस्येचा दिवस मानतात आणि त्या दिवशी वढू-तुळापूरला माणसांचा पूर लोटतो.

आता दौंडकर मंडळी मनात म्हणत असतील की या कथेत आमचा काय संबंध? तुमचा संबंध फार जवळचा आहे. वढूवरून निघालेली भीमा पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठेला पोटात घेते, खाली तिला आपली घोडनदी मिळते आणि मग ती दौंड शहराला वळसा घालून पेडगावला पोहोचते. पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात, नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. पण नदीच्या अलीकडच्या काठावर दौंड तालुक्याची शेते आहेत. तिथे बहादूरगड हा भुईकोट आहे. त्याला हे नाव मिळाले ते बहादूरखान कोकलताश या मोगल सुभेदारावरून. लोक आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. आत लक्ष्मी-नारायणाचे कोरीव देऊळ आहे, भैरवनाथ आहे, भीमेचे पाणी वर चढवणाऱ्या हत्तीमोटेचे अवशेष आहेत. फेब्रुवारी 1689 मध्ये औरंगजेबाचा मुक्काम या गडावर होता, आणि दोन्ही कैद्यांना त्याच्यासमोर उभे केले गेले ते इथेच. पुढे मार्चच्या सुरुवातीला छावणी कोरेगावच्या बाजूला सरकली. म्हणजे या दोन कवींचा शेवटचा प्रवास पेडगावपासून वढू-तुळापूरपर्यंतचा, आज आपण ज्या मुलखात ऊस लावतो, दूध घालतो आणि बाजाराला जातो, त्याच मुलखातला.

मी 'दोन कवी' म्हणालो, ते समजून उमजून म्हणालो. पण आधी कलशांकडे वळू.

कवी कलश हे उत्तरेकडचे, कनौजचे ब्राह्मण. त्यांची भाषा ब्रज. महाराष्ट्रात ते कसे आणि केव्हा आले, याच्या कथा पुष्कळ आहेत. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेच्या प्रकरणाशी त्यांना जोडणाऱ्या कथाही त्यांत आहेत. कथा बाजूला ठेवल्या तरी संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत त्यांचे स्थान कोणते होते, हे स्पष्ट दिसते. त्यांना 'छंदोगामात्य' हे पद होते आणि 'कुलएखत्यार' म्हणजे सर्व कारभाराचा अधिकार होता. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहाजादा अकबर 1681 साली मराठ्यांच्या आश्रयाला आला, त्यानंतरच्या राजकारणात कलश होते. 1684 च्या सुमारास पोर्तुगीजांशी तहाची बोलणी चालली, त्यांत कलश होते. रायगडाच्या परिसरात मोगल सरदार शहाबुद्दीन खानाशी झालेल्या लढाईतही त्यांचे नाव येते. कवितेचे वळण असलेला हा माणूस मुत्सद्देगिरीच्या कागदावर आणि रणांगणावर सारख्याच जबाबदारीने उभा होता.

परप्रांतातला कवी मराठ्यांच्या दरबारात एवढा मोठा कसा झाला, याचे काहींना आश्चर्य वाटते. पण भोसल्यांच्या घरात ही रीत तीन पिढ्यांची होती. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये होते. त्यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त बारा भाषांतली कविता आहे, आणि तो ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी संपादून मराठी वाचकांपुढे आणला. शिवाजी महाराजांसाठी परमानंदांनी संस्कृतात 'शिवभारत' रचले आणि भूषणाने ब्रज भाषेत 'शिवभूषण' लिहिले. गागाभट्टांनी संभाजीराजांसाठी 'समयनय' हा ग्रंथ लिहिला. ज्या घरात मराठी, संस्कृत, ब्रज अशा भाषा एका पंगतीला बसत होत्या, त्या घरात कलश हे उपरे नव्हते. आज भाषेभाषेत भिंती उभ्या करण्याची घाई झालेल्यांनी वढूला येऊन ही गोष्ट पाहावी. मराठ्यांच्या छत्रपतीच्या शेजारी एक ब्रज भाषेचा कवी कायमचा विसावला आहे, आणि त्याला तिथे जागा या मातीनेच दिली.

आता दुसरे कवी. संभाजी महाराजांचा जन्म 14 मे 1657 चा, पुरंदर किल्ल्यावरचा. मृत्यूच्या वेळी त्यांचे वय 31 वर्षांचे होते. एवढ्या आयुष्यात त्यांनी संस्कृतात 'बुधभूषण' रचले आणि ब्रज भाषेत 'नखशिख', 'नायिकाभेद', 'सातसतक' हे ग्रंथ लिहिले. 'बुधभूषण' हा राजनीतीचा ग्रंथ. आजोबा आणि वडील यांची स्तुती त्यात आहे. राजा कसा असावा, अमात्य, किल्ले, कोश, सैन्य यांची व्यवस्था कशी ठेवावी, याचा विचार आहे. जुन्या ग्रंथांतली अनेक वचनेही त्यात वेचून घेतली आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1926 साली ह. दा. वेलणकर यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध केला. मात्र ब्रज ग्रंथांचे विषय वेगळे आहेत. 'नखशिख' आणि 'नायिकाभेद' हे त्या काळच्या हिंदी रीतिकाव्याचे ठरलेले प्रकार. त्यांत सौंदर्याची आणि शृंगाराची रसिक जाण लागते. तलवार हातात घेतलेला राजपुत्र हे सारे शिकला आणि त्यात लिहू लागला. राजा आणि त्याचा मंत्री यांच्यात राज्यकारभारापलीकडचा असा एक धागा होता. दोघांना छंद कळत होता.

तो धागा शेवटी कुठपर्यंत टिकला, ते पाहा.

फेब्रुवारी 1689 च्या सुरुवातीला मोगल सरदार मुकर्रबखानाने कोल्हापूरकडून घाट उतरून कोकणातल्या संगमेश्वरावर अचानक झडप घातली. कलशांनी प्रतिकार केला. त्यांना बाण लागला आणि ते पडले. दोघेही पकडले गेले. तिथून त्यांना घाटावर आणले, विदूषकाचे कपडे चढवून उंटावरून धिंड काढली, आणि बहादूरगडावर बादशहापुढे उभे केले. पुढचा प्रसंग मी खाफीखानाच्या आधाराने सांगतो. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. मराठ्यांबद्दल त्याच्या लेखणीत विखार आहे, कलशांबद्दलही आहे. म्हणूनच त्याची साक्ष मला मोलाची वाटते.

कैदी समोर येताच औरंगजेब सिंहासनावरून उतरला आणि गुडघे टेकून त्याने ईश्वराचे आभार मानले. कलशांना असे जखडले होते की फक्त डोळे आणि जीभ हलवता येत होती. त्यांनी संभाजीराजांकडे नजर वळवली आणि हिंदी छंदात काही ओळी म्हटल्या. त्यांचा आशय असा, की राजा, तुझे तेज पाहून आलमगिराला, म्हणजे औरंगजेबाला, आपल्या तख्तावर बसून राहवले नाही, तुझ्या सन्मानासाठी त्याला खाली उतरावे लागले. ही रचना वेगवेगळ्या रूपांत आजही लोकांच्या तोंडी आहे. पण तिचा आशय शत्रूच्या बखरीतही उतरला, ही गोष्ट अपूर्व आहे.

या प्रसंगाकडे कवितेच्या अंगाने पाहू. घटना बादशहाने घडवलेली होती. तो दरबार त्याचा, तो विजय त्याचा, ते गुडघे टेकणेही त्याच्या धर्मनिष्ठेचे प्रदर्शन. कलशांनी घटनेतले काहीच बदलले नाही, त्यांना बदलता येण्यासारखे काही उरलेही नव्हते. त्यांनी फक्त तिचा अर्थ बदलला. ईश्वरापुढे झुकलेला बादशहा एका ओळीत संभाजीपुढे झुकलेला झाला. भरल्या दरबारात, उत्तरेतल्या सरदारांना समजेल अशा भाषेत हे म्हटले गेले. कवितेला जे करता येते आणि तलवारीला करता येत नाही, ते हेच. दौंडच्या समोरच्या काठावर हे घडले आहे, याचा दौंडकरांनी अभिमान बाळगावा.

त्यानंतर काय झाले ते आपण सारे जाणतो. डोळे काढले गेले. जीभ कापली गेली. कलशांच्या बाबतीत जिभेची शिक्षा ही कवीला दिलेली शिक्षा होती. संभाजीराजांबरोबर शेवटपर्यंत जाऊन, 11 मार्चला ते गेले.

पण कलशांची शिक्षा तिथे संपली नाही. पुढे शे-सव्वाशे वर्षांनी मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली. तीत संभाजी महाराज व्यसनी ठरले आणि कलश 'कलुषा' या नावाने जारण-मारण करणारा, राजाला नादी लावणारा मांत्रिक ठरले. या बखरीमागचे एक कारण समजून घ्यायला हवे. 1681 साली संभाजीराजांविरुद्धचा कट उघडकीस आला तेव्हा ज्यांना देहान्त शिक्षा झाली, त्यांत बाळाजी आवजी चिटणीस होते. मल्हार रामराव हे त्याच घराण्यातले. घराच्या दुःखाची सावली इतिहासावर पडली. बाळाजींचेच पुत्र खंडो बल्लाळ यांनी मात्र ती शिक्षा मनात न ठेवता स्वराज्याची निष्ठेने सेवा केली, हेही विसरू नये.

बखरीतले चित्र नाटकांत उतरले आणि घराघरांत गेले. राम गणेश गडकऱ्यांचे 'राजसंन्यास' त्याच समजुतीवर उभे आहे. गडकरी 1919 साली गेले, नाटक अपुरे राहिले. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्रीच्या अंधारात उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. ज्यांनी तो टाकला त्यांचा राग कशावर होता, ते मला कळते. तरीही एका कवीवर अन्याय झाला म्हणून दुसऱ्या कवीचा पुतळा पाण्यात लोटणे मला मान्य नाही. गडकऱ्यांच्या हाती त्या काळी जी साधने होती, त्यांवर त्यांनी लिहिले. ती साधने चुकीची होती, तर उत्तर नव्या साधनांनी द्यायचे असते.

आणि ते उत्तर दिले गेले आहे. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे दप्तरे चाळली, वढू बुद्रुकच्या समाधिस्थानाकडे लक्ष वेधले आणि 1960 साली 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' आला. या दोघांनी कागदांच्या आधारे जुने चित्र पुसले. मग शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीने नवे चित्र लोकांच्या मनात रुजवले, आणि 2025 साली त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाने कवी कलशांचे नाव देशभरच्या तरुणांपर्यंत नेले. वढूची गर्दी आणखी वाढली. पुतळा नदीत टाकून यातले काहीच साधले नसते. ते साधले ग्रंथांनी आणि ते वाचणाऱ्यांनी.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. तुळापूरच्या संगमावर उभे राहिले की समोरून येणारी इंद्रायणी दिसते. ही छोटी नदी कुठून येते? देहूहून येते, जिथे तुकोबा होऊन गेले. आळंदीहून येते, जिथे ज्ञानेश्वर माउलींनी 1296 साली समाधी घेतली. आणि तुळापूरला येऊन ती भीमेत मिळते. एका नदीच्या काठावर कवींची एवढी स्मारके फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आली असतील. पण त्यांत एक फरक आहे. आळंदीला जा, ज्ञानेश्वरीचे पारायण चाललेले असते, हरिपाठ ऐकू येतो. देहूला जा, गाथा मंदिराच्या भिंतींवर अभंग कोरलेले दिसतील, आणि आषाढीच्या वारीत तेच अभंग आपल्या दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडच्या मुक्कामांतून, पायी चालत जातात. तिथे कवी भेटतो तो त्याच्या शब्दांतून. तुळापूरला आणि वढूला मात्र आपण घोषणा देतो, पोवाडे म्हणतो, ज्योत घेऊन धावत येतो. हे सारे भक्तीनेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथे दोन कवी विसावले आहेत, तिथे त्यांची कविता मला क्वचितच ऐकू आली आहे.

कवीचे स्मारक त्याच्या शब्दांशिवाय पुरे होत नाही. वारकऱ्यांना हे सातशे वर्षांपूर्वीच कळले होते. दूरच्या देशांतल्या लोकांनाही कळले आहे. मॉस्को शहरात 1958 साली मायकोव्हस्की या कवीचा पुतळा एका मोठ्या चौकात उभारला गेला. अनावरणाचा सरकारी समारंभ आटोपल्यावर जमलेल्या लोकांतूनच काही जण पुढे आले आणि कविता म्हणू लागले. मग तरुण मुले तिथे जमू लागली, आधी मायकोव्हस्कीच्या, पुढे स्वतःच्या कविता वाचू लागली. सत्तेला ते सहन झाले नाही आणि 1961 साली ती वाचने बंद पाडली गेली. पुतळ्याची भीती कुणालाच वाटत नव्हती. भीती वाटली ती त्याच्या पायथ्याशी मोठ्याने म्हटल्या जाणाऱ्या कवितेची. बहादूरगडावर औरंगजेबालाही तेच जाणवले असले पाहिजे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत.

पहिली, आपल्या शाळांकडे. वढूची सहल काढता, ती जरूर काढा. पण समाधीपाशी मुलांना दहा मिनिटे बसवा. 'बुधभूषण'मधला एखादा श्लोक मराठी अर्थासह वाचा. कलशांची लोकपरंपरेतली रचना म्हणायला लावा आणि ती कुठे, कुणासमोर, कोणत्या अवस्थेत म्हटली गेली ते सांगा. तो प्रसंग ऐकलेले मूल आयुष्यभर कवितेला दुबळे समजणार नाही.

दुसरी मागणी महाविद्यालयांकडे. कलशांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या रचना विखुरलेल्या आहेत. काहींना जुना आधार आहे, काही मागाहून त्यांच्या नावावर चढल्या असतील. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतले मराठी, हिंदी आणि इतिहास विभाग एकत्र आले, तर या रचनांची पाठभेदांसह, अर्थासह आणि कोणती रचना कोणत्या साधनात सापडते या माहितीसह एक छोटी पुस्तिका तयार होऊ शकते. संभाजी महाराजांच्या ब्रज ग्रंथांचीही सोपी, सटीप मराठी आवृत्ती सामान्य वाचकाच्या हाती पडायला हवी. शृंगाराचे विषय आहेत म्हणून संकोचू नये. राजाची रसिकता हा त्याच्या शौर्याला डाग नसतो. बखरकाराने नेमकी हीच चूक केली होती. आपण भक्तीच्या भरात ती उलट्या बाजूने करू नये.

तिसरी मागणी शासनाकडे आणि गावकऱ्यांकडे. वढू आणि तुळापूर या दोन्ही ठिकाणच्या स्मारकांच्या विकासाचे काम राज्य शासनाने हाती घेतले आहे. त्या आराखड्यात दगड, दिवे, वाहनतळ असणार, असायलाच हवेत. त्यात एक भिंत कवितेची असावी. मूळ शब्द देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ, आणि खाली इतिहासात काय नोंदले आहे व परंपरेत काय सांगितले जाते याचा स्पष्ट वेगळा उल्लेख. जोडीला एक वाचनालय असावे, जिथे बेंद्रे आणि गोखले यांचे ग्रंथ गावातल्या मुलाला बसून वाचता येतील.

आणि चौथी मागणी दौंडकरांकडे. पेडगाव तुमच्या समोर आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून 11 मार्चपर्यंतच्या दिवसांत, एका संध्याकाळी, गडाच्या प्रांगणात कवितावाचन ठेवा. मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू, कुठल्याही भाषेतल्या कवीला बोलवा. सत्तेपुढे खरे बोलणारी कविता वाचा. ज्या ठिकाणी कवीची जीभ तोडण्याचा हुकूम झाला, तिथे कविता बोलत राहणे हीच त्याला खरी आदरांजली ठरेल.

श्रोतेहो, राजासाठी प्राण देणारी माणसे इतिहासात पुष्कळ झाली. राजासाठी शेवटचा श्वास कवितेत घालणारा एक माणूस आपल्या तालुक्यात विसावला आहे. त्याचे मरण आपण तीनशेहून अधिक वर्षे जपले. आता त्याची कविता जपू या. येत्या फाल्गुन अमावस्येला वढूला याल, तेव्हा फुलांबरोबर त्याच्या चार ओळी पाठ करून या, आणि समाधीपुढे त्या मोठ्याने म्हणा.